खोकून बघ, मास्तरीण

खतीजाआपा, तू गेल्याचं मला बाजारात कळलं, आणि तेव्हा माझ्या हातात यादी होती. तीळ, चांगला मिळाल्यास गूळ, काळा दोरा, धाकट्याचे पांढरे मोजे. इब्राहिमभाई त्यांच्या कापडाच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते. एरवी मला लांबून बघूनच "या मास्तरीणबाय, आज काय काय संपलं?" असं विचारणारा तुझा नवरा त्या दिवशी नुसता उठून उभा राहिला आणि मी जवळ पोचेपर्यंत तसाच उभा होता.

"खतीजा गेली," ते म्हणाले. "दोन हप्ते झाले. ताप आला तो उतरलाच नाय. गावाकडनं तार आली तवर दफन पण झालेला."

मी "अरे देवा" म्हटलं. जेवता ना वेळेवर, असं काहीतरी विचारलं. आणि मग, आपा, मी त्यांच्याकडे काळा दोरा मागितला. यादीत पुढे तोच होता. त्यांनी आत जाऊन दोरा आणला, कागदात बांधून दिला, आणि मी तो पिशवीत टाकून घरी आले. जिन्यावर आल्यावर मला समजलं की मी काय केलं.

तुला माझ्या वह्या माहीत आहेत. दर गुरुवारी पुढच्या आठवड्याची कामं लिहायची, झालेल्यांवर खूण करायची, राहिलेली पुढच्या पानावर उतरवायची. तू कुवेत सोडून गेलीस त्याला पाच वर्षं झाली. पाच वर्षं प्रत्येक गुरुवारी मी एक काम पुढच्या पानावर उतरवत आले: 'आपाला सांगणे'. काय सांगायचं ते वहीत नाही, कारण वही घरात कुणीही उघडतं. सांगायचं एवढंच होतं की हळदीकुंकवाच्या दिवशी गच्चीवर मी सगळ्यांसमोर खोटं बोलले, तुझ्या देखत बोलले, आणि मला त्याची लाज वाटते. एका पत्रात मावलं असतं. पत्र तुला कुणीतरी वाचून दाखवावं लागलं असतं, ही माझी सबब होती.

हे मी इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकासाठी लिहिते आहे. माझं खोटं याच अंकात, सायक्लोस्टाइलच्या निळ्या अक्षरांत, माझ्या नावाखाली आलं होतं. तेव्हा खरंही इथेच यायला हवं.

आपण मिरगाब मोहल्ल्यातल्या त्या तीनमजली घरात राहायला आलो, तेव्हा वर पाणी चढत नव्हतं. टँकर यायचा, तळमजल्यावरची टाकी भरून जायचा, आणि पुढचं ज्याचं त्यानं बघायचं. आमचे हे सकाळी साडेसहाला तेलकंपनीच्या बसनं जात. मी उजव्या हातात बादली घेऊन डावीकडे वाकडी होत तीन जिने चढायची. धाकट्याच्या बाळंतपणानंतर माझी कंबर आधीच कामातून गेलेली. एका सकाळी दुसऱ्या जिन्यावर अशी उसण भरली की बादली टेकवताही येईना आणि धरताही येईना. मी कठड्याला चिकटून उभी राहिले. तू खालून येत होतीस. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर रॉकेलचा धुतलेला डबा काठोकाठ भरलेला, आणि दोन्ही हात मोकळे. एका हातानं तू माझी बादली घेतलीस.

"गो बाय, तुज्या पोटाला कोन वाली हाय का नाय?" तू म्हणालीस.

मला राग आला. दुखत होती कंबर, आणि ही पोटाचं काय बोलते? शिवाय पोटासाठी मी काही करत नव्हते असं नाही. मासिकातून कापलेल्या चित्रांवरून मी व्यायामाचा तक्ता केला होता आणि तो स्वयंपाकघराच्या दाराला आतून लावला होता. शनिवारी पोट, रविवारी पाठ, सोमवारी कुशी, मंगळवारी मांड्या. शनिवारी मी उताणी झोपून, श्वास रोखून, वीस वेळा धड उचलायची. तुला मी तो तक्ता अभिमानानं दाखवला. तुला अक्षरं वाचता येत नव्हती म्हणून चित्रांवर बोट ठेवून वार सांगितले. तू सगळं ऐकून घेतलंस.

"म्हंजे शनवारी पाठ सुट्टीवर जाते?"

"सुट्टीवर कशी जाईल?"

"मग पोट एकटा काय करता? घर चार भितींचा. एक भित आज, एक उद्या, असा बांधून छप्पर कशावर ठेवतीस?"

मग तू माझ्या मागे उभी राहिलीस, दोन्ही पंजे माझ्या कमरेवर दोन बाजूंनी ठेवलेस, अंगठे मागे पाठीवर, बोटं पुढे पोटावर. "खोकून बघ, मास्तरीण." मी खोकले. "आणखी." मी पुन्हा खोकले. "काय काय घट्ट झाला?" मला आधी फक्त पुढचं पोट जाणवलं. तिसऱ्यांदा खोकल्यावर कुशी जाणवल्या, आणि तुझ्या अंगठ्यांखाली पाठीच्या कण्याला लागून असलेले दोन दोरही. सगळं एकाच क्षणी आवळलं, एकाच क्षणी सैल झालं. मी व्यायामाचे वार पाडले होते आणि शरीराला वार ठाऊकच नव्हते.

मग तू माझी दोन बोटं बेंबीच्या खाली, जरा बाजूला दाबून ठेवायला लावलीस आणि म्हणालीस, "आता दुसरा हात वर कर, झटकन." मी केला. हात हलायच्या आधी बोटांखाली काहीतरी आत ओढलं गेलं. मी चार वेळा करून पाहिलं. दर वेळी तेच आधी.

"हात उचलायच्या आधी पोट उठता," तू म्हणालीस. "ह्यो आतला पट्टा. पुढनं मागं गुंडाळलेला. बाळंतपनात ह्योच झोपतो. त्याला उठव, मग बाकीच्यांचा बघ."

तुझे वडील शिडाच्या मचव्यावर तांडेल होते, खलाशांचे म्होरके. डोलकाठी कशी उभी राहते ते तू मला स्वयंपाकघरात फरशीवर लाटणं उभं धरून दाखवलंस. पुढून दोर, मागून दोर, दोन्ही अंगांनी दोर. काठी जाड म्हणून उभी राहत नाही. सगळे दोर आपापल्या बाजूला ओढतात आणि कुणीच जिंकत नाही, म्हणून उभी राहते. एक दोर फार ताणला तरी काठी कलते, एक सैल पडला तरी कलते. मी उजव्या हातात बादली घेतली की डाव्या कुशीनं धरून ठेवायला हवं. ती झोपलेली, म्हणून सगळा भार कण्यानं घेतला. पोटाला वाली नसण्याचा अर्थ मला असा महिन्याभरानं कळला.

आणखी दोन गोष्टी तू सांगितल्यास. एक, पेटीला जसं झाकण असतं आणि तळ असतो तसं पोटालाही असतं. झाकण म्हणजे श्वासाचा पडदा. तळ म्हणजे जिथून मूल बाहेर येतं ती जागा. ती बाळंतपणात सैलावते आणि बायका मरेपर्यंत शिंकताना पाय आवळतात पण कुणाला सांगत नाहीत. लघवी अडवल्यासारखं करून तो तळ वर उचलायचा, हे तू मला भाजी निवडता निवडता सांगितलंस, आवाजसुद्धा खाली न आणता. मी मात्र दार लावून घेतलं. दुसरी गोष्ट, वजन उचलताना श्वास रोखायचा नाही, सोडायचा. यावर आपण भांडलो. माझ्या मासिकात 'श्वास रोखून' असं स्पष्ट दिलेलं होतं.

"रोखलास तर झाकन खाली दाबता आणि तळाला धक्का बसतो," तू म्हणायचीस.

"छापलेलं आहे, आपा."

"छापनाऱ्यानं कवा पानी वाह्यलाय?"

सहा महिन्यांत माझी कंबर बरी झाली. डोक्यावर डबा मला कधीच जमला नाही, पण दोन हातांत दोन बादल्या घेऊन मी सरळ चढायला लागले. माझी चाल बदललेली पाहून आपल्या बायका विचारू लागल्या, आणि मी दर शनिवारी गच्चीवर वर्ग सुरू केला. वर्गाची यादी केली, हजेरी घेतली, माझ्या सवयीप्रमाणे. तू एकदाही आली नाहीस. मी एकदाही बोलावलं नाही. 'तिला काय शिकायचंय', असं मी मनाला सांगितलं, आणि ते खरंही होतं. फक्त ते अर्धंच होतं.

आता त्या दिवसाचं.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या गच्चीवर ठरलं आणि त्यात माझं व्यायामाचं प्रात्यक्षिकही. मी बोलवायच्या बायकांची यादी केली. तुझं नाव सातवं होतं. मंडळातल्या एक वयस्क बाई यादी वाचताना थांबल्या आणि म्हणाल्या, "यांना आपल्यात अवघडल्यासारखं होईल, नाही का?" मी पेन्सिल घेतली आणि सातवं नाव खोडलं. अवघडणार कोण होतं, हे मला त्याच वेळी माहीत होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी तुला एक दिवस सांगता आलं असतं. पण सकाळी मी तुझ्या दारात आले. "आपा, दुपारी चहाला पाणी लागेल. दोन डबे वर आणून देशील?"

"पाव्हने हायत?"

"हो, थोड्या बायका."

"बरा," तू म्हणालीस. कोण, कशासाठी, काही विचारलं नाहीस.

दुपारी पंचवीस बायका, जानेवारीचा वारा, शालींची टोकं उडताहेत. मी सगळ्यांना खोकायला लावलं. हशा पिकला. बेंबीखाली दोन बोटं ठेवून हात वर करायला लावला. "अगबाई, खरंच की," असं चारी बाजूंनी. मग डोलकाठी. तिथं मी काय केलं सांगू? मी तिचा तंबूचा खांब केला. मचवा म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, नाशिकच्या बाईला मचवा कुठं भेटला? तळाचं मी काही बोलले नाही, लाजले. श्वास रोखा, असं सांगितलं.

टाळ्या झाल्या. वर्गात नेमानं येणाऱ्या सुमनवहिनींनी विचारलं, "किती सोपं करून सांगितलंत. तुम्ही कुठं शिकलात हो हे?"

तू तेव्हा जिन्याच्या दारात उभी होतीस. डोक्यावर दुसरा डबा. बायकांना ओलांडून कसं जायचं म्हणून थांबली होतीस. मी तुला पाहिलं. तू मला पाहिलंस.

"पुस्तकात वाचलं," मी म्हटलं.

तू डबा उतरवलास. तो उतरवणं मी अजून विसरलेले नाही. पाठ सरळ, गुडघे वाकवत तू खाली गेलीस, तोंडानं हळू श्वास सोडत, दोन्ही हात डब्याच्या कडांना, आणि डबा गच्चीच्या फरशीला टेकला तेव्हा पाण्यावर एक वलयसुद्धा उठलं नाही. मी जे तासभर बोलून दाखवलं होतं ते तू एका श्वासात करून दाखवलंस, आणि बघणारी मी एकटी होते, असं मला वाटलं. दारात आलेल्या सवाष्णीला आमच्यात रिकाम्या हातानं पाठवत नाहीत. परकी असली तरी पाठवत नाहीत. तिळगुळाची वाटी माझ्यापासून हातभर अंतरावर होती. तू चुंबळ खांद्यावर टाकलीस आणि खाली गेलीस.

संध्याकाळी रिकामे डबे न्यायला आलीस. मी कपबशा पुसत होते, तुझ्याकडे न बघता. मला वाटलं आता बोलशील, आणि बोललीस तर बरं, असंही वाटलं.

"बाय, सगळा बरा सांगितलास," तू म्हणालीस. "एक चुकलीस. श्वास धरा म्हनालीस. सोडायचा."

"पुस्तकात तसंच दिलंय," मी म्हटलं. पुन्हा पुस्तकच, आपा. एका दिवसात दुसऱ्यांदा.

तू हसलीस. "मग बुकात चुकलाय."

महिन्याभरात अंकात माझा लेख आला. 'पोटाचे स्नायू आणि शरीराचा तोल'. तुझं नाव त्यात नाही. मचवाही नाही.

त्यानंतर तू माझ्याशी पूर्वीसारखीच वागलीस, हेच मला जड गेलं. धाकट्याला गोवर आला तेव्हा रोजचं पाणी तूच आणलंस. फिंतासच्या किनाऱ्यावर सहलीला गेलो तेव्हा तू समुद्राकडे तोंड करून कितीतरी वेळ बसली होतीस आणि मी शेजारी बसून डब्यातल्या पुऱ्या मोजत होते, कारण पुऱ्या संपेपर्यंत बोलायला सुरुवात करू असं मी ठरवलं होतं. पुऱ्या संपल्या. तू म्हणालीस, "हितला पानी आपल्यापेक्षा हिरवा हाय," आणि मी "हो" म्हटलं.

मग तुझी सासू अंथरुणाला खिळली आणि तुला गावी जावं लागलं. तोवर इथे चालणारे आपले रुपये जाऊन दिनार आले होते, आपल्या घराला पंप बसला होता, आणि डबे गच्चीवर तुळस लावायच्या कामी गेले होते. मी निरोपाची यादी केली. पत्ता घेणे. लिंबाचं लोणचं देणे. तक्ता देणे. सांगणे. पहिली तीन कामं झाली. तिसऱ्याबद्दल मला इथे लिहायलाच हवं. मी सगळा व्यायाम जाड पुठ्ठ्यावर सुंदर अक्षरात उतरवला, लाल शाईनं चित्रं काढली, आणि खाली उजव्या कोपऱ्यात 'लेखन व आखणी' असं लिहून माझं नाव घातलं. तुझीच विद्या तुला भेट दिली, वर माझी सही करून. आणि त्यात 'श्वास रोखा' तसंच ठेवलं.

"काय गो अक्षर," तू पुठ्ठ्यावरून हात फिरवत म्हणालीस. खाली टॅक्सीचा भोंगा वाजला. तू तुझी चुंबळ माझ्या हातात दिलीस. "तकडं दुसरी करीन. ही तुज्याकडं र्‍हाऊ दे." चौथं काम राहिलं.

दोरा आणल्याच्या दोन दिवसांनी मी पुन्हा इब्राहिमभाईंकडे गेले. या वेळी यादी नव्हती. त्यांनी आतून स्टूल आणून दिलं आणि गावाकडचं सांगत बसले. तू तो तक्ता ओटीवर भिंतीला लावला होतास. बाळंतपणातून उठलेल्या मुली तुझ्याकडे यायच्या आणि तू त्यांना खोकायला लावायचीस.

"कोनी विचारला तर सांगायची, माज्या कुवेतच्या मास्तरनीनं लिवून दिलाय," इब्राहिमभाई म्हणाले. "लय शिकलेली हाय, सगळा कागदावर मांडते."

मी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"फक्त एक ओळ खोडली तिनं. पुतनीनं वाचून दाखवला ना सगळा, तवा. पोरगी म्हनाली, चाची, एवढ्या छान अक्षरात हाय, कशी खोडू? तर म्हनाली, पेन्सलीनं खोड. मी तिला सांगितला व्हता, कामाच्या गडबडीत इसरली आसल."

विसरले नव्हते, आपा. तू तिथं चार मुलींसमोर माझी बाजू सांभाळलीस आणि पेन्सिलीनं खोडायला लावलंस. माझी अक्षरं बिघडू नयेत म्हणून.

परवा शनिवारी वर्ग होता. आता चौदा जणी येतात, त्यांतल्या तिघी-चौघीच जुन्या. हजेरी झाल्यावर मी वही मिटली आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. जिना, खोकला, मचवा, सातवं नाव, चहाचं पाणी, 'पुस्तकात वाचलं', पुठ्ठा. क्रम चुकला नाही, माझा क्रम कधी चुकत नाही. पण मध्येच पाठ वाकली. सगळे दोर एकदम सुटल्यासारखी मी गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिले.

सुमनवहिनी म्हणाल्या, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"ती डबा उतरवत होती तेव्हा सगळ्या तिच्याकडेच बघत होतो आम्ही. कुणाच्याही लक्षात आलं असतं कुठून आलंय ते."

"मग कुणी बोललं का नाही?"

"तिळगूळ आम्ही तरी कुठं दिला तिला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल, मग आपणही बोलू, असं म्हणत राहिलो."

तुला दिला तसाच दुसरा तक्ता मी जुन्याच्या जागी स्वयंपाकघराच्या दाराआड लावला होता, तो वर आणला आणि श्वास रोखायची ओळ खोडली. तळाची ओळ त्यात कधीच नव्हती, ती घातली, आणि तो व्यायाम दार उघडं ठेवून, आवाज न उतरवता सांगितला. कोपऱ्यातलं माझं नाव खोडून तुझं लिहिलं. वहीतलं काम मी खोडलेलं नाही आणि त्यावर खूणही केलेली नाही. गुरुवारी ते पुन्हा पुढच्या पानावर उतरवीन. दुसरं काय करायचं ते मला माहीत नाही.

मग तुळशीचे डबे रिकामे करून धुतले, पाण्यानं भरले, आणि एकेकीला पुढे बोलावलं. तुझी चुंबळ मध्ये कठड्यावर ठेवली होती. नुकतीच लग्न होऊन आलेली एक मुलगी पहिली वाकली.

"गुडघे वाकव. तळ वर. आता श्वास सोडत उचल," मी सांगितलं.

ती अर्ध्यात थांबली. "पण काकू, मी तुमचा लेख वाचलाय. त्यात रोखायचा म्हणून दिलंय."

"लेखात चुकलंय," मी म्हटलं. "सोड."